मोटारीच्या जुन्या पत्र्याची परीक्षा : डहाणू-तलासरी सीमाभागाच्या संदर्भात

नाशिकजवळील पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात उषवदात याचा जो लेख कोरलेला आहे, त्यात त्याने लोकांच्या सोयीसाठी ज्या नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या त्या नद्यांची नामावळी आली आहे. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका ही ती नावे होत. यांपैकी दमणा म्हणजे दमणगंगा आणि दाहनुका म्हणजे डहाणूची नदी असे अभ्यासक सामान्यतः मानतात. ह्या दोन पाण्यांच्या दरम्यान आजच्या उंबरगाव, तलासरी व डहाणू ह्या तालुक्यांचा मुलूख येतो. कोकणातून लाट देशाकडे जाणाऱ्याला तो ओलांडावाच लागे, आणि ओलांडण्याचे साधन चालू स्थितीत ठेवणे हे त्या काळी राजकुलाला नोंदवावेसे वाटण्याइतके महत्त्वाचे कार्य होते. नावेची फळी कुजली तर ती कोणी व कशी बदलली, हे मात्र लेख सांगत नाही. प्रवासाच्या साधनांच्या दुरुस्तीचा इतिहास हा बहुधा असाच अलिखित राहतो.

पुढे ह्याच पट्ट्यातून मुंबई, बडोदा व मध्य हिंदुस्थान रेल्वेचा मार्ग गेला आणि त्याला समांतर, डोंगराच्या बाजूने, मुंबई-अहमदाबाद रस्ता झाला. मनोर, चारोटी, दापचरी, तलासरी, आच्छाड ह्या ठिकाणांवरून जाणारा हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ८ म्हणून ओळखला जाई. आता त्याचा क्रमांक ४८ आहे. १ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हा ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याची बरीच गावे गुजरातेत गेली; जी महाराष्ट्रात राहिली त्यांतून तलासरी हा स्वतंत्र विभाग सिद्ध झाला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण होऊन डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके त्यात आले. एका बाजूस गुजरात, दुसऱ्या बाजूस १९५४ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असलेला दादरा व नगरहवेलीचा प्रदेश आणि जवळच १९६१ पर्यंत त्याच अमलाखाली राहिलेले दमण, अशी ह्या भागाची रचना आहे. साहजिकच येथील रस्त्यावर अनेक प्रशासनांचे क्रमांक लावलेली वाहने एकत्र दिसतात, आणि त्या वाहनांचे सुटे पत्रेही एकमेकांत मिसळतात.

प्रस्तुत निबंधाचा विषय हे मिसळणे हाच आहे. अपघातात चेपलेल्या किंवा गंजलेल्या गाडीसाठी जुने दार, बोनेट, मडगार्ड वा डिकीचे झाकण विकत घेणारा मनुष्य एक प्रश्न सोडवीत असतो : हा पत्रा ह्या गाडीस बसेल काय? वरवर पाहता हा कारागिराचा प्रश्न आहे. परंतु त्याचे उत्तर शोधण्यासाठी पत्रा कोणत्या काळचा, कोणत्या साच्यातून निघालेला, मूळ की दुरुस्त केलेला, आणि कोणाच्या हातून आलेला, हे ठरवावे लागते. दस्तऐवजाच्या बहिरंग व अंतरंग परीक्षणात इतिहासाचा अभ्यासक नेमके हेच प्रश्न विचारतो. गाडीवरील नावावर विसंबणारा ग्राहक येथे जसा फसतो, तसाच शीर्षकावर विसंबणारा संशोधकही फसत आला आहे.

एका यंत्राचा भाग दुसऱ्या तशाच यंत्रास घासपूस न करता बसावा, ही कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बंदुकीच्या चापांबाबत तिचे प्रयोग झाले होते. मोटारीच्या बाबतीत तिचे प्रसिद्ध प्रात्यक्षिक १९०८ साली इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे झाले. कॅडिलॅक कंपनीच्या तीन गाड्या पूर्णपणे सुट्या करून त्यांचे भाग एकत्र मिसळण्यात आले, त्यांतील ८९ भाग काढून त्यांच्या जागी साठ्यातील नवे भाग देण्यात आले, आणि त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभारून त्या प्रत्येकी ५०० मैल चालविण्यात आल्या. ह्या परीक्षेबद्दल कंपनीस ड्यूअर करंडक मिळाला. तथापि ह्या यशाचे मर्म यंत्रभागांच्या अचूकतेत होते. त्या काळी मोटारीचा बाह्य ढाचा लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून करीत, म्हणजे तो सुताराचे व लोहाराचे काम असे. अमेरिकेत एडवर्ड बड याच्या कारखान्याने डॉज कंपनीसाठी १९१४ पासून संपूर्ण पोलादी ढाचे पुरविण्यास आरंभ केला, त्यानंतर हळूहळू पत्राही साच्यातून निघू लागला. जो पत्रा प्रचंड दाबाखाली एकाच साच्यात वळविला जातो, त्याची वळणे, कडा आणि भोके एकसारखी येतात. जो हातोडीने वळविला जातो, त्याचे प्रत्येक नग वेगळे असते. जुन्या पत्र्याच्या जुळणीचा सारा विचार ह्या एका भेदावर उभा आहे.

महाराष्ट्रात हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदले. मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सने १९२८ पासून परदेशातून आलेल्या सुट्या भागांची जोडणी सुरू केली होती. त्या गाड्यांचे पत्रे साच्यातले होते. याउलट १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या राज्य परिवहनाने पुढे दापोडीच्या कार्यशाळेत सांगाड्यांवर स्वतःचे ढाचे बांधले. अशा बसचा बाजूचा पत्रा दुसऱ्या बसमधून काढून आणण्यापेक्षा नव्या तावातून कापून रिवेटने ठोकणे सोपे पडे. म्हणून बसच्या पत्र्याचा जुना बाजार असा विशेष उभा राहिला नाही. जो उभा राहिला तो जीप, फियाट आणि पुढे मारुती ह्यांचा.

यांपैकी जीपचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. त्या विलिस आणि फोर्ड अशा दोन कंपन्यांनी बनविल्या, पण सैन्याची अट अशी होती की एकीचा भाग दुसरीस बसलाच पाहिजे. ही अट इतकी कसोशीने पाळली गेली की फोर्डने आपला माल ओळखू यावा म्हणून लहानसहान भागांवर, बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, आपले आद्याक्षर उमटविले. आरंभीच्या गाड्यांच्या मागील पत्र्यावर दोन्ही कंपन्यांनी आपापली नावेही उठावात छापली होती; ही जाहिरात सैन्यास रुचली नाही व ती १९४२ मध्ये बंद झाली. वस्तुतः दोहोंत काही फरक राहिलेच. पुढच्या बाजूची आडवी दांडी विलिसमध्ये गोल नळीची, तर फोर्डमध्ये चौकोनी घडणीची होती. परंतु बोनेट, मडगार्ड व पुढची जाळी ह्यांची अदलाबदल निर्वेध होत असे. दोन भिन्न नावे आणि एकच पत्रा, अशी ही स्थिती होती.

युद्ध संपल्यावर सैन्याने टाकून दिलेल्या जीपगाड्या हिंदुस्थानातही विक्रीस निघाल्या. त्याच सुमारास, १९४५ मध्ये, मुंबईत स्थापन झालेल्या व १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र हे नाव धारण केलेल्या कंपनीने माझगाव येथे विलिस जीपची जोडणी हाती घेतली. येथे घोटाळ्यास आरंभ झाला. युद्धकालीन जीपच्या पुढच्या जाळीत नऊ उभ्या फटी होत्या. नागरी वापरासाठी १९४५ पासून निघालेल्या जीपमध्ये दिवे मोठे झाले व फटी सात उरल्या. युद्धकालीन गाडीस मागे उघडणारी फळी नव्हती. नागरी गाडीस ती आली. १९५३ मध्ये विलिसने अधिक उंचीचे इंजिन बसविण्यासाठी बोनेट चांगलेच उंच केले, आणि हीच उंच बोनेटची जीप महिंद्र कंपनीने पुढे दीर्घकाळ भारतात तयार केली. लोकांच्या लेखी ह्या सर्व 'जीप'च होत्या. परंतु उंच बोनेटच्या गाडीस युद्धकालीन बोनेट लावू गेल्यास ते इंजिनावर टेकते, आणि उलट केल्यास जाळी व बोनेट यांच्या कडा एकमेकींस भेटत नाहीत. म्हणून जीपचे बोनेट घेणाऱ्या जाणत्या कारागिराने आधी फटी मोजाव्यात व मग उंची पाहावी, हा क्रम योग्यच होय. सात आणि नऊ हे आकडे येथे शकांचे काम करतात.

डहाणूपासून कासा, जव्हार वा तलासरीपर्यंतच्या चढउताराच्या रस्त्यांवर जीपचे महत्त्व सहज समजण्याजोगे आहे. जंगल खाते, पाटबंधारे व सर्वेक्षण यांच्या कामांपासून ते बाजाराच्या दिवशी माणसे वाहण्यापर्यंत तिचा उपयोग झाला. प्रवासी वाहतुकीसाठी लांब सांगाड्याच्या जीपगाड्या आल्यावर मात्र पत्र्याच्या जुळणीत आणखी एक गुंता शिरला. अशा गाडीचा पुढचा भाग कारखान्याच्या साच्यातला, तर मागचा बाकड्यांचा भाग अनेकदा एखाद्या ढाचे बांधणाऱ्या कारागिराचा असे. पुढचे मडगार्ड दुसऱ्या गाडीचे बसेल. मागच्या बाजूचा पत्रा शेजारच्या गाडीचाही बसेलच असे नाही. एकाच वाहनाच्या दोन टोकांस असे दोन निराळे नियम लागू पडतात, ही गोष्ट नवख्याच्या ध्यानात येत नाही.

फियाटची कथा याहून रंजक आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीचा कारखाना मुंबईत कुर्ला येथे होता. आरंभी तेथे क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जोडणी होई. पुढे फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी तेथून बाहेर पडू लागली. जकात आयोगाच्या १९५३ च्या अहवालानंतर ज्यांना भारतात टप्प्याटप्प्याने उत्पादन करावयाचे नव्हते त्या परदेशी कंपन्यांनी येथून काढता पाय घेतला, त्यामुळे मुंबई इलाख्यात खासगी गाडी म्हणजे बव्हंशी फियाट असे समीकरण बनले. ह्या पहिल्या ११०० ला तिच्या फुगीर, पुढे आलेल्या मुखवट्यामुळे 'डुक्कर फियाट' हे नाव पडले. नाव देणाऱ्याचा हेतू अपमानाचा नसावा. गाडीवर लोभ जडल्याखेरीज असे नाव टिकत नाही.

डुक्कर फियाटची पुढची दारे उलटी उघडत. त्यांच्या बिजागऱ्या मधल्या खांबावर आणि कडी पुढच्या बाजूस असे. १९६४ मध्ये आलेल्या 'फियाट ११०० डिलाइट'मध्ये पुढच्या दारांच्या बिजागऱ्या आजच्याप्रमाणे पुढच्या खांबावर होत्या. मध्यंतरीच्या काळात 'एलिगंट', 'सिलेक्ट', 'सुपर सिलेक्ट' अशी नावे येऊन गेली, आणि जाळी, पट्ट्या व मागचे दिवे बदलत राहिले. आता बाजारात 'फियाट अकराशेचे दार' एवढेच सांगून मागणी केल्यास कोणते दार मिळेल? नाव तेच, कंपनी तीच, कारखानाही कुर्ल्याचाच. पण दाराची बाजूच उलटी. येथे एक नाव दोन विसंगत पत्र्यांवर पसरले आहे.

ह्याच्या नेमकी उलट गोष्ट पुढे घडली. फियाटशी असलेला परवाना संपल्यावर तीच डिलाइट काही काळ 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' ह्या नावाने विकली गेली. शतक संपेपर्यंत तिचे उत्पादन चालले, आणि त्या प्रदीर्घ काळात ढाच्याचे मूळ साचे फारसे बदलले नाहीत. इटलीत जी गाडी १९६० च्या दशकातच इतिहासजमा झाली, तिचे साचे कुर्ल्यात आणखी तीन दशके पत्रा दाबीत राहिले. परवाना पद्धतीतील अर्थव्यवस्थेवर कोणी कितीही टीका केली, आणि ती बहुतांशी रास्तच आहे, तरी जुने दार शोधणाऱ्याच्या दृष्टीने तो सुवर्णकाळ होता. पद्मिनीच्या मालकास डिलाइटचे दार चाले. जाळी, दिव्यांच्या कडा आणि सजावटीच्या पट्ट्यांची भोके तेवढी पाहावी लागत. कलकत्त्याच्या हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर १९५८ पासून २०१४ पर्यंत चालली, तिच्याविषयीही थोड्याफार फरकाने हेच म्हणता येते.

कुर्ल्यातच जुन्या गाड्या तोडून भाग विकण्याचा मोठा व्यापार वाढला, हाही एक योगायोग आहे. मुंबईतील चोरबाजार आणि कुर्ला येथील दुकानांतून हा माल महामार्गाने उत्तरेकडे जाऊ शके. ज्या उपनगरात पत्रा जन्मास आला, त्याच उपनगरात तो तोडला जाऊन दुसऱ्या गाडीच्या अंगावर जाण्यासाठी पुन्हा विकला जाई.

मारुतीच्या आगमनाने हा स्थिर काळ संपला. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. अवघ्या तीन वर्षांत, १९८६ मध्ये, त्याच नावाखाली सर्वस्वी वेगळ्या ढाच्याची गाडी आली. १९९७ मध्ये पुढच्या भागास गोलसर रूप देण्यात आले. ही गाडी २०१४ मध्ये बंद झाली. म्हणजे 'मारुती ८००' ह्या एका नावाच्या पोटात किमान तीन निराळे मुखवटे आहेत. पुढे वॅगन-आर, आल्टो, स्विफ्ट ह्या गाड्यांनी हीच रीत चालविली. नाव टिकवावयाचे व ठरावीक वर्षांनी ढाचा बदलावयाचा. दुसरीकडे, २००१ मध्ये आलेली व्हर्सा ही गाडी फारशी खपली नाही, तिचाच मूळ ढाचा २०१० मध्ये 'इको' ह्या नावाने पुन्हा बाजारात आला आणि प्रवासी वाहतुकीत चांगलाच रुजला. इकोच्या मागच्या दारासाठी व्हर्साचे दार पाहावे, हे गाडीच्या मागे लिहिलेली अक्षरे वाचून कोणालाही सुचणार नाही.

ह्या सर्व उदाहरणांवरून परीक्षेची पद्धती आपोआप सिद्ध होते. कारागीर प्रथम कागद पाहतो. नोंदणीपुस्तकात नोंदणीची तारीख आणि निर्मितीचा महिना व वर्ष ह्या दोन निराळ्या नोंदी असतात, आणि पत्र्यासाठी दुसरीच महत्त्वाची. वर्षअखेरीस तयार झालेली गाडी पुढील वर्षी नोंदली जाते; दरम्यान नवा ढाचा आला असल्यास नोंदणीचे वर्ष सांगून आणलेला पत्रा हमखास चुकतो. त्याहून खात्रीचा पुरावा म्हणजे चेसिस क्रमांक. अलीकडील गाड्यांत तो सतरा चिन्हांचा असून पहिली तीन चिन्हे निर्मात्याची असतात : एम-ए-१ महिंद्रची, एम-ए-३ मारुतीची, एम-ए-टी टाटांची. पुढील चिन्हांत प्रकाराची व निर्मितीकालाची खूण असते. सीमाभागात ह्या क्रमांकाचे महत्त्व अधिकच आहे. एका राज्यातील गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. म्हणून वलसाड, सिल्व्हासा आणि डहाणू अशा तीन ठिकाणी नांदलेली एकच गाडी तीन पाट्या धारण करू शकते. पाटी बदलते, चेसिसवरील अंक तेच राहतात.

कागदानंतर माप. गाडीचा जुना, चेपलेला पत्रा टाकून न देता बरोबर नेणे हा सर्वांत उत्तम मार्ग होय. दोन पत्रे पाठीला पाठ लावून धरले की बिजागरीची भोके, कडीची जागा आणि कडांची वळणे डोळ्यांनाच पटतात. ते शक्य नसल्यास पुठ्ठ्यावर भोकांचा नकाशा काढून नेता येतो. दाराच्या बाबतीत दोन बिजागऱ्यांच्या मध्यांतील अंतर, वरच्या बिजागरीपासून कडीपर्यंतचे तिरपे अंतर आणि काचेच्या चौकटीची उंची ही तीन मापे जुळली तर पुढील काम निभावते. डाव्या-उजव्याची चूकही वाटते तितकी विरळ नसते, म्हणून मालवाहू गाड्यांच्या परिभाषेतील 'ड्रायव्हर साइड' आणि 'क्लीनर साइड' हे शब्द डाव्या-उजव्यापेक्षा निर्धोक ठरतात. समोरून पाहणारा आणि आत बसलेला यांचे डावे-उजवे एक नसते. मडगार्डात बाजूच्या दिव्याचे वा आकाशतारेचे भोक आहे की नाही, दारावर आरशाची बैठक कोठे आहे, बोनेटवर पाणी उडविणाऱ्या नळीची जागा आहे काय, ह्या बारीक खुणांवरून तो पत्रा कोणत्या प्रकारच्या गाडीचा हे कळते. भोक बुजविता येते अथवा नवे पाडता येते, हे खरे. पण प्रत्येक नवे भोक पावसाच्या पाण्यास दिलेले आमंत्रण असते.

यानंतर अंतरंग परीक्षण येते. रंगविलेल्या बाजूवर कोणीही जाणकार विश्वास ठेवीत नाही. तो पत्रा उलटा करतो. मागील बाजूस हातोडीचे व्रण, सलग वितळजोडाची रेघ किंवा ताजा काळा रंग दिसला तर पत्रा एकदा मार खाल्लेला आहे असे समजावे. कारखान्यातील जोड समान अंतरावरील ठिपक्यांचा असतो. ही समता रस्त्याकाठच्या कारखान्यात साधणे कठीण. बोटाने टकटक केल्यास पत्रा वाजतो, पुट्टी मुकी राहते. कापडात गुंडाळलेला लहानसा लोहचुंबक पृष्ठभागावरून फिरविला की जेथे पुट्टीचा थर जाड आहे तेथे तो सुटतो. डहाणू, घोलवड, बोर्डी ह्या किनाऱ्याच्या गावांतून वर्षानुवर्षे वापरलेल्या गाडीचा पत्रा घेताना दाराची खालची घडी विशेषेकरून तपासावी लागते. पाणी वाहून जाण्यासाठी तेथे ठेवलेली भोके मातीने बुजतात, खारी हवा आपले काम करते, आणि वरून चकाकणाऱ्या दाराची खालची कड नखाने खरवडली तरी भुगा होतो. असे दार मापाने बरोबर असूनही निरुपयोगी ठरते.

पत्रा योग्य असूनही बसत नाही, असा प्रसंग येतो. तेव्हा दोष बहुधा गाडीचा असतो. पूर्वी मोठा धक्का बसलेल्या गाडीचा ढाचा तिरका झालेला असतो आणि नव्या दाराची फट वर रुंद, खाली अरुंद पडते. अशा वेळी दार घासणे किंवा बिजागरीखाली चकत्या घालणे म्हणजे प्रतीतील पाठ न लागल्यामुळे मूळ संहिताच दुरुस्त करण्यासारखे होय. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून पाहिल्याशिवाय पत्र्यास दोष देऊ नये. म्हणून रंग देण्यापूर्वी पत्रा तात्पुरता बसवून पाहण्याची रीत सर्वत्र आहे. फटी चहूबाजूंनी सारख्या आहेत, दार न उचलता लागते, बोनेटची कडी दोन्ही टप्प्यांवर धरते, एवढे पाहून मगच रंगारी हात लावतो. बोनेटच्या कडीबाबत तर जराही सूट देता येत नाही. चारोटीच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना अर्धवट धरलेले बोनेट उलटून काचेवर आले, तर चालकास समोरचे काहीच दिसत नाही. गाडीत जेवढी माणसे बसलेली असतील तेवढ्यांच्या जिवाशी तो खेळ होतो.

अलीकडच्या गाड्यांत ह्या परीक्षेला एक नवे अंग जोडले गेले आहे. धडकेच्या कसोट्या भारतात नव्या प्रकारच्या गाड्यांना १ ऑक्टोबर २०१७ पासून आणि आधीपासून तयार होत असलेल्या गाड्यांना १ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाल्या. त्यामुळे बाहेरून सारखी दिसणारी दोन दारे आतून भिन्न असू शकतात. एकात बाजूचा धक्का सोसणारी पोलादी तुळई असेल, दुसऱ्यात नसेल. आतील आच्छादन काढून हात घातल्याशिवाय ते कळत नाही. बोल्टांनी बसणाऱ्या पत्र्यांची अदलाबदल आणि छप्पर, खांब, मागचे पाखे यांसारख्या वितळजोडाने ढाच्याशी एकजीव झालेल्या भागांची अदलाबदल यांतही हाच विवेक पाहिजे. पहिली दुरुस्ती होय. दुसरीत गाडीच्या बळालाच हात घातला जातो.

राहिला प्रश्न मालकीच्या परंपरेचा. ऐतिहासिक कागदाच्या बाबतीत तो कोणाच्या दप्तरातून आला हे पाहतात. पत्र्याच्या बाबतीत हे न पाहिल्यास फौजदारी कायद्याशी गाठ पडते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय दंड संहितेप्रमाणे गुन्हा होताच. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली येतो. पत्र्यावर चेसिस क्रमांक नसतो, हे खरे आहे. परंतु त्याची साक्ष अगदीच मुकी नसते. अनेक मालक दारांच्या काचांवर गाडीचा क्रमांक कोरून घेतात, आणि दार काचेसह विकले गेल्यास तो क्रमांक त्याबरोबर जातो. परवान्यावर चालणाऱ्या वाहनांच्या बाजूंवर क्रमांक रंगविणे आवश्यक असल्याने, अशा गाडीच्या दाराचा वरचा रंग खरवडला असता खालून जुनी अक्षरे उमटतात. आधीचा मजकूर ठोकून सपाट केलेल्या ताम्रपटावर नवे दानपत्र कोरलेले असावे आणि तिरप्या उजेडात जुनी अक्षरे डोकवावीत, तसा हा प्रकार आहे. सीमेवरील तपासणीत एका राज्याच्या पाटीची गाडी आणि तिच्या काचेवर दुसऱ्या राज्याचा क्रमांक अशी विसंगती आढळल्यास, विक्रेत्याच्या नावापत्त्याची आणि मूळ गाडीच्या क्रमांकाची नोंद असलेली पावती हाच मालकाचा आधार. ती नसेल तर निरपराध चालकालाही गाडी उभी करून खुलासे देत बसावे लागते, आणि दिवसाच्या फेऱ्यांवर ज्याचे घर चालते त्याला एक दिवसही जड जातो.

कायद्याने दुसरीही एक मर्यादा घातली आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाहून गाडी भिन्न होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे तत्त्व उचलून धरले. मोडलेल्या दाराच्या जागी तशाच प्रकारचे दार बसविणे ह्या निषेधात येत नाही. परंतु जुन्या गाडीस नवा मुखवटा चढवून ती नव्या प्रकारची भासविणे ही गोष्ट वेगळी. तसेच सप्टेंबर २०२१ मध्ये वाहने मोडीत काढण्यासंबंधीचे केंद्रीय नियम आले, आणि नोंदणीकृत केंद्रात गाडी जमा करून तिचे प्रमाणपत्र घेण्याची पद्धत सुरू झाली. अशा केंद्रातून आलेल्या भागाची परंपरा कागदोपत्री शोधता येते. पूर्वीच्या भंगारवाल्याकडे ती सोय नव्हती. त्याच्या तोंडी सांगण्यावर भिस्त ठेवावी लागे, आणि त्याची स्मरणशक्ती कधी आश्चर्यकारक तर कधी सोयीस्कर असे.

मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती सेवेतून बाद झाली. कुर्ल्यातील ज्या जागेत तिचा पत्रा दाबला जात होता तेथे आता कोहिनूर सिटी ही वसाहत उभी आहे. ह्यापुढे पद्मिनीला मूळ साच्यातले दार हवे असल्यास ते दुसऱ्या एखाद्या पद्मिनीच्या अंगावरूनच काढावे लागेल, आणि प्रत्येक अशा जुळणीबरोबर शिल्लक दारांतून एक दार कमी होत जाईल.